रातांब्याचा स्टार्टअप कसा काढावा

पहिली गोष्ट, घरात चालू धंदा असेल तर तो कोणाला कळू देऊ नका. वडील वर्षानुवर्षं रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, सरबत करून विकतायत, मागच्या पडवीत बरण्या लागलेल्या आहेत, कणकवलीच्या दोन दुकानांत माल जातोय, उधारी का होईना पण वसूल होतेय, हे सगळं तुमच्या विरोधात जातं. एकट्याच्या नावावरचा धंदा स्टार्टअप म्हणून मान्य होत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), नोंदलेली भागीदारी अशी काहीतरी काया धारण करावी लागते. शिवाय जुना धंदा फोडून किंवा त्याची नुसती मांडणी बदलून काढलेली कंपनी चालत नाही, असा नियमच आहे. थोडक्यात, वडिलांना अनुभव आहे ही अडचण, आणि तुम्हाला तो नाही ही पात्रता.

आता कल्पना. ‘रातांबे फोडून सोलं, म्हणजे सालीची आमसुलं, सुकवायची’ ही कल्पना नव्हे, ते काम झालं. बीज निधीच्या, म्हणजे नव्या धंद्याला सुरुवातीला मिळणाऱ्या सरकारी पैशाच्या, नियमांप्रमाणे तुमच्या मालाच्या किंवा धंद्याच्या गाभ्यात तंत्रज्ञान हवं. घाबरू नका. सोलं सुकवायच्या रॅकला एक सेन्सर बांधा. तो हवेतली आर्द्रता मोजेल आणि मोबाईलवर कळवेल. कोकणात मे महिन्यात आर्द्रता किती असते ते अंगातल्या बनियनलाही कळतं, पण बनियनचा डेटा क्लाऊडवर जात नाही.

मग कंपनीची नोंदणी, आणि इथे कोकणातल्या माणसाची खरी परीक्षा सुरू होते. कंपनीला नोंदणीकृत पत्ता लागतो. पत्त्याला ताजं वीजबिल आणि मालकाचं संमतीपत्र लागतं. वीजबिल आजोबांच्या नावावर. आजोबा कधीच गेले, पण महावितरणने त्यांना अजून जिवंत ठेवलंय. घर सामायिक. सहहिस्सेदारांपैकी एक डोंबिवलीला, एक नालासोपाऱ्याला, आणि तिसरे काका फणसाच्या वाटणीवरून बोलायचे बंद झालेत. त्यांची सही आणण्यापेक्षा रेपो दर खाली आणणं सोपं.

यावर उपाय म्हणजे इन्क्युबेटर, नव्या धंद्यांना जागा आणि सल्ला देणारी संस्था. जिल्ह्याच्या गावी कुठल्यातरी कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर तो सापडतो. बाहेर निळा बोर्ड, आत बीन बॅग. बीन बॅगवर कोणी बसत नाही, कारण पावसाळ्यात तिला बुरशी येते. पण तिथला पत्ता कंपनीला लावता येतो. सरकारच्या पाठिंब्याने इन्क्युबेटर जे जे देतो, त्यात ही सर्वांत टिकाऊ वस्तू, असं माझं प्रामाणिक मत आहे. तेवढ्यासाठी गेलात तरी फेरी फुकट नाही.

बाकी मिळतं ते असं: एक टेबल, वायफाय, क्लाऊडचे क्रेडिट (सेन्सरला उपयोगी, सोलांना नाही), आणि मेंटॉर, म्हणजे सल्लागार. मेंटॉर पुण्यात असतात आणि ऑनलाइन भेटतात. बैठक जूनमध्ये ठेवली तर उत्तम. वीज गेली की टॉवर जातो, आणि अवघड प्रश्न अर्ध्यात तुटतो. तरी एखादा प्रश्न पोचतोच.

‘तुम्ही वर्षातले दहा महिने उत्पादन का करत नाही?’

‘सर, रातांबे एप्रिल-मेमध्येच पिकतात.’

‘मग सप्लायर बदला.’

सप्लायर म्हणजे परसातली झाडं. वाद घालू नका. वहीत लिहून घ्या, ‘सप्लाय चेन डायव्हर्सिफिकेशन’, आणि मान हलवा. मेंटॉरला अहवालात तास भरायचे असतात, तुम्हाला सही हवी असते. दोघांचंही काम होतं.

पैशाचं विचाराल तर पैसा आहे, नाही असं कोण म्हणेल? स्टार्टअप इंडिया २०१६ साली सुरू झाली. २०२१ साली ९४५ कोटींची बीज निधी योजना आली. तिच्यात प्रोटोटाइप (मालाचा किंवा यंत्राचा पहिला नमुना), चाचण्या वगैरेंसाठी स्टार्टअपला २० लाखांपर्यंत अनुदान, आणि पुढे बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) कर्जरोखे. कर्जाला तारण नाही, जामीन नाही. आमच्याकडे ही गोष्ट सांगू नका. तारणाशिवाय कर्ज मिळालं म्हटलं की गावात लोक पोराकडे वेगळ्या नजरेने बघतात. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी प्रयास योजना प्रोटोटाइपला १० लाखांपर्यंत देते, आणि त्याच विभागाच्या दुसऱ्या योजनेत होतकरू उद्योजकाला महिना ३०,००० रुपयांपर्यंत विद्यावेतन मिळतं. अर्थात इन्क्युबेटरचंही पोट आहे. अटल इन्क्युबेशन सेंटर म्हणून निवड झाली तर त्याला स्वतःला पाच वर्षांत १० कोटींपर्यंत मिळू शकतात. तेव्हा तुमच्या २० लाखांच्या फाइलवर त्यांनी फार उत्साह दाखवला नाही तर मनाला लावून घेऊ नका.

अर्ज १६ जानेवारीला भरा, राष्ट्रीय स्टार्टअप दिवस असतो, मुहूर्त चांगला. एकदम तीन इन्क्युबेटर पसंतीक्रमाने निवडता येतात, फी काही नाही. नियमाने ४५ दिवसांत निकाल, म्हणजे शिमग्याच्या आसपास. त्यानंतर सादरीकरणाची तारीख बदलते, करारनाम्यात कंपनीच्या नावातली एक वेलांटी चुकते, समितीतल्या एकांची सही राहते आणि ते लेकीकडे परदेशी गेलेले असतात. पहिला हप्ता खात्यात जमा झाल्याचा मेसेज वाजतो तेव्हा बाहेर पाऊस धरलेला असतो आणि रातांबे झाडाखाली कुजून त्यांचा चिखल झालेला असतो.

पुढचा हप्ता मात्र टप्पा पूर्ण केल्यावरच. टप्पा काय, तर यंत्रावर दोनशे किलो माल सुकवून दाखवणे. मुदत ऑगस्ट. ऑगस्टमध्ये रातांबे आणणार कुठून? रॅकवर ओले पंचे वाळत घाला. सेन्सरला रातांबा आणि पंचा यातला फरक कळत नाही, आलेख अगदी सुबक येतो. अहवालात ‘पर्यायी कच्चा माल’ असं लिहा.

खरी गरज काय होती, तर शेडची. सोलं एकदा सुकवून भागत नाही. रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची, अशी रसाची पुटं चढतात तेव्हा आमसुलाला तो काळपट लाल रंग येतो. मधेच वळवाची एक सर आली की चार दिवसांची मेहनत बुळबुळीत होते. वर पारदर्शक पत्रा, बाजूने जाळी आणि खाली कोबा, एवढं मिळालं तर निम्मं नुकसान थांबेल. तेवढ्यासाठी मात्र बीज निधी वापरता येत नाही. सुविधा उभारायला हा पैसा नाही, असं मार्गदर्शक सूचनांत बजावलंय. ड्रायरचा प्रोटोटाइप करा, ड्रायरच्या ॲपचा प्रोटोटाइप करा, पण डोक्यावर पत्रा घालू नका.

सादरीकरणाची भीती असेल तर ती काढून टाका, तुम्ही जन्मापासून ते ऐकत आलाय. देवळातलं गाऱ्हाणं आणि पिच, म्हणजे स्लाइडांचा ‘डेक’ दाखवून केलेली मागणी, यांत फरक फक्त प्रोजेक्टरचा. आधी समोरच्याचा मोठेपणा, मग आपली अडचण, मग मागणी, शेवटी काम झाल्यावर काय देणार त्याचा नवस. ‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जो काय डेक मांडलेलो आसा तो मानून घे, आणि वाटेत काय इडापिडा असतली ती दूर कर रे म्हाराजा!’ एवढ्यावर समितीने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की निवड झाली. देव मात्र उपयोगिता प्रमाणपत्र मागत नाही.

एक गोष्ट उपरोध बाजूला ठेवून सांगतो. पेटंटच्या शुल्कात स्टार्टअपला ८० टक्के सवलत आहे आणि अर्ज तयार करून देणाऱ्या तज्ज्ञाची फी सरकार भरतं. राज्य सरकारच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झाली तर सरकारी कामाचा आदेशही मिळू शकतो. म्हणजे खुद्द सरकारच गिऱ्हाईक. या दोन गोष्टी इन्क्युबेटरच्या माहितीपत्रकात सर्वांत खाली, बारीक अक्षरांत असतात. वरच्या अर्ध्या पानावर उद्घाटनाचा फोटो असतो.

गिऱ्हाइकाचं नाव निघालं म्हणून सांगतो, शेजारच्या काकूंना यातलं काही सांगायला जाऊ नका. त्यांच्याकडे ना डेक, ना एलएलपी. मेमध्ये खळ्यात ताडपत्री घालून त्या सोलं सुकवतात, आभाळ भरून आलं की दोन सुना आणि एक जावई धावतात. यापेक्षा वेगवान अलर्ट सिस्टीम अजून बाजारात आलेली नाही. आगळ (कोकमाचा घट्ट रस) गाळून जुन्या बाटल्यांत भरतात, बियांचं मुठेल (कोकमाचं तूप) काढून वेगळं विकतात. गणपतीला चाकरमानी आले की अनंत चतुर्दशीच्या आत पडवी रिकामी. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे त्यांना ठाऊक नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही. स्टार्टअपच्या व्याख्येत त्या बसत नाहीत, कारण धंदा वाढवता येण्याजोगा हवा. काकू म्हणतात, आणखी वाढवला तर वाळत घालू खंय?

तुमच्याबद्दल त्यांना कौतुक आहे, तसं नाही. पोरगा मुंबईची नोकरी सोडून गावात राहिला, यापेक्षा मोठं काय? फक्त एकदा लॅपटॉपवर आलेख दाखवलात तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळा बघितला आणि विचारलं, ‘मगे, ह्येच्यात कोकम खंय आसा?’

तरी त्यांच्याशी संबंध सांभाळून ठेवा, मार्चमध्ये लागतील. आर्थिक वर्ष संपत आलं की इन्क्युबेटरचा फोन येतो: मंत्रालयात अहवाल जायचाय, लाभार्थ्याचा मालासकट फोटो हवा, उद्या बारापर्यंत. तुमच्याकडे सेन्सर आहे, ॲप आहे, लोगो आहे, पंचे आहेत. माल नाही. अशा वेळी काकूंकडून आगळाच्या डझनभर बाटल्या मागून आणा, वर आपली लेबलं चिकटवा, मागे निळा बोर्ड येईल असे उभे राहा आणि हसा. फोटो झाला की लेबलं नीट सोलून काढा. गोंद राहिला तर कोमट पाण्याने पुसा, आणि बाटल्या त्याच दिवशी परत करा. काकूंनी त्या मोजून दिलेल्या असतात.