व्हॅन गॉग रंग गिळायचा, पण आनंदासाठी नव्हे

अकरावीतल्या भाचीने परवा डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगवर स्टेटस ठेवलं: “व्हॅन गॉग आनंद आत जावा म्हणून पिवळा रंग खायचा. तुमचा पिवळा रंग कोणता?” तोच मजकूर संध्याकाळी घरच्या ग्रुपवर आला, आणखी चार ‘तथ्यं’ शेपटीला बांधून: वेडाच्या भरात तारे गरगरताना दिसले ते रंगवले, कान कापून प्रेयसीला दिला, आयुष्यात एकच चित्र विकलं, शेवटी बेवारस मेला. काका-मावशांनी हात जोडून मोकळं व्हायचं.

आधी रंगाचं बोलू. बाकीचं नुसतं चुकीचं आहे, हे घातक आहे.

मे 1889 ते मे 1890 व्हॅन गॉग फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. तिथून बाहेर पडताना डॉक्टर पेरों यांनी केलेली नोंद उपलब्ध आहे. आजाराच्या झटक्यांत त्याने अनेकदा विष घ्यायचा प्रयत्न केला, कधी चित्रांचे रंग गिळून, तर कधी दिव्यात घालायचं रॉकेल पिऊन. रॉकेलमध्ये कुठला आनंद असतो, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनीच सांगावं. ऑगस्ट 1889 मध्ये भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात तो स्वतः म्हणतो की झटक्यात मी घाणेरडं काहीबाही उचलून खातो म्हणे, मला धड आठवतही नाही. घसा इतका सुजला होता की चार दिवस अन्न गेलं नव्हतं. त्याच पत्रात थिओला विनवतो, की डॉक्टरांना सांग, बरं व्हायला मला चित्रं काढणं गरजेचं आहे. रंग हवे होते ते यासाठी. शिवाय तो वापरायचा तो क्रोम पिवळा म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचं विषारी संयुग. आजारी माणसाने जीव द्यायला केलेल्या धडपडीवर सोळा वर्षांची पोरं बदाम टाकतायत, आणि आपण त्याला प्रेरणादायी म्हणतोय!

ताऱ्यांचं तेच. ‘स्टारी नाइट’ हे चित्र जून 1889 मधलं, त्याच रुग्णालयातलं. खिडकीतून पहाटे दिसलेली शुक्राची चांदणी खरी, पण खालचं गाव त्या खिडकीतून तसं दिसतच नव्हतं. ते त्याने रचलं. चित्र रंगवलं दिवसा, शुद्धीत. वर पुढे मित्राला लिहिलं की तारे फार मोठे काढले, हेही फसलंच.

कान कापला हे खरं, डिसेंबर 1888, फ्रान्समधलं आर्ल गाव. पण ज्या मुलीच्या हाती नेऊन दिला ती त्याची प्रेयसी असल्याचा पुरावा नाही.

एकच चित्र विकलं, यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. ‘द रेड व्हिनयार्ड’ 1890 मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात चित्रकार अ‍ॅना बॉख यांनी 400 फ्रँकला घेतलं, आणि तेवढ्याच एका विक्रीची नीट नोंद सापडते. पण 1882 मध्येच त्याच्या काकांनी हेग शहराची रेखाचित्रं पैसे देऊन करवून घेतली होती, ती कुणी मोजत नाही.

आणि बेवारस? व्हिन्सेंटला गोळी लागल्याचं कळताच थिओ पॅरिसहून जवळच्या ओव्हेर गावी धावला. 29 जुलै 1890 च्या पहाटे व्हिन्सेंट गेला तेव्हा थिओ उशाशी होता. सहा महिन्यांत थिओही गेला. त्याची बायको यो हिने पदरात तान्हं मूल असताना ही चित्रं आणि पत्रं जपली, आणि 1914 मध्ये पत्रं छापून काढली. ग्रुपवर टाकायचंच असेल तर तिचं नाव टाका, ते अजून कुणी टाकलेलं नाही.