ब्रेक नसलेली फियाट सोडली नाही म्हणून एक स्टार (मालकाकडून उत्तर)

सर नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री भाच्याने दाखवला. आधी सॉरी म्हणते. बाप्पाला आणायला वडिलांची पद्मिनी फियाटच हवी होती आणि मूर्ती रिक्षातून आणावी लागली, हे वाचून वाईट वाटलं, खरंच. फोन उचलला गेला नाही त्याबद्दलही सॉरी, कंप्रेसर चालू असला की आत कोणाला काही ऐकू येत नाही.

पण सर, "नुसतं ब्रेक ऑइल बदलायला तीन आठवडे गाडी ओलीस ठेवली, वर ११,५०० घेतले, आणि काउंटरवरच्या बाईला गाडीतलं ओ की ठो कळत नाही" हे जे लिहिलंय ना, ते वाचून लोक वागळे इस्टेटला आमच्या गॅरेजमध्ये यायचं की नाही ते ठरवतात. आमचं घर त्यावर चालतं. म्हणून ते तीन आठवडे कुठे गेले तेवढं सांगते, बाकी स्टार तुमचे तुम्ही काय द्यायचे ते द्या.

तुमची गाडी चालत आली नव्हती, टोइंगवाल्याच्या गाडीवर चढून आली, हे रिव्ह्यूत कुठेच नाही. चाकं धरलेली, मागच्या ब्रेक ड्रमला जळका वास. मिस्त्रींनी मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलतो त्याचं, झाकण काढलं तर आतलं तेल लालसर. विचारलं तर तुम्हीच म्हणालात की पॉवर स्टेअरिंगची बाटली घरात पडून होती, हेही हायड्रॉलिक तेही हायड्रॉलिक, व्हिडिओत एकाने असंच टाकलेलं. मी तिथेच चहाच्या काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दाखवलं, नव्या डब्यातलं ब्रेक ऑइल टाकलं ते पाण्यात मिसळून गेलं, तुमच्या गाडीतलं टाकलं त्याचा वर तवंग आला. तुम्ही मोबाईलवर त्याचं शूटिंगपण केलंत, असेल अजून तुमच्याकडे.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण जुनी गाडी घरी दुरुस्त करणारे बरेच जण हे वाचतील. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो पण डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉलचं असतं, ब्रेकमधले रबर त्याच्याच हिशोबाने बनवलेले असतात. त्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, पॉवर स्टेअरिंगचं तेल असलं काही गेलं की रबर फुगतं. तुमच्या मास्टर सिलिंडरचा रबरी कप बाहेर काढला तेव्हा भिजत घातलेल्या वालासारखा टम्म झालेला. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, पेडलवरून पाय काढला की त्यातून तेल मागे ब्रेक ऑइलच्या टाकीत जातं. फुगलेला कप त्या भोकावर जाऊन बसला की तेल परत जात नाही, म्हणजे पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो, ड्रम तापतो, तेल अजून तापून फुगतं, ब्रेक अजून घट्ट धरतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिले एक-दोन दिवस पेडल झकास लागतं, त्यामुळे माणसाला वाटतं काम झालं.

अशा गाडीचं नुसतं ऑइल बदलून काही होत नाही सर. मास्टर सिलिंडरचं किट, चारही चाकांच्या व्हील सिलिंडरची रबरं, होज पाइप, सगळं काढून फेकावं लागतं, लोखंडी पाइप आतून धुवावे लागतात, आणि मागच्या सिलिंडरमधून तेल गळून ब्रेक शूचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवतात ते पट्टे, भिजलेले तेही गेले, कारण तेल प्यायलेलं लायनर कितीही घासलं तरी धरत नाही. ११,५०० त्याचे झाले. बिलात एकेक ओळ लिहून दिलीय, जुने पार्ट पिशवीत भरून डिकीत ठेवलेत, तुम्ही पिशवी उघडलीसुद्धा नसेल.

वेळ का लागला? एकतर पद्मिनीचे पार्ट आता पहिल्यासारखे मिळत नाहीत. काळी-पिवळी फियाट रस्त्यावर होती तोवर नाक्यानाक्यावर किट मिळायचं, पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ ला पासिंग झाली, टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ ला तीही गेली. आता दुकानदार माल भरणार कोणासाठी, तुमच्या-आमच्यासारख्या चार हौशी लोकांसाठी? कुर्ल्याला सीएसटी रोडला भाच्याला पाठवला, पहिलं किट आणलं ते वर्षानुवर्षं दुकानात पडून कडक झालेलं, नखाने दाबलं तर बारीक चिरा दिसल्या. ते लावून गाडी दिली असती तर तुमचा आठवडा वाचला असता आणि आम्हाला पाच स्टार मिळाले असते कदाचित. परत केलं. दुसरं यायला वेळ गेला.

दुसरं, मध्ये गणपती. आमचे मिस्त्री चिपळूणकडचे. गणपतीला कोकणातल्या माणसाला ठाण्यात थांबवून दाखवा, मी स्वतः तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करेन. दुसरा कोणी लावायचा तर फियाटचे ड्रम उघडणारे हात राहिलेत किती, नवीन पोरांना स्कॅनर लावल्याशिवाय बोनेट उघडता येत नाही.

आता "ओलीस". हरतालिकेच्या संध्याकाळी तुम्ही आलात, माझा उपास होता आणि तुमचा आवाज शेजारच्या गाळ्यापर्यंत जात होता. गाडीचा मास्टर सिलिंडर टेबलावर सुटा पडलेला तुम्हाला दिसत होता. तरी तुमचं म्हणणं, हँडब्रेक आहे ना, सेकंड गिअरमध्ये हळूहळू घोडबंदर रोडने नेतो, जबाबदारी माझी, वाटल्यास लिहून देतो. सर, तुम्ही लिहून द्याल हो, पण पुढे सिग्नलला थांबलेला स्कूटरवाला कुठे लिहून देतोय? एका बाजूला मेट्रोचे पत्रे, दुसऱ्या बाजूला डंपर, आणि पुढच्या सीटवर मांडीवर मूर्ती घेऊन तुमची मुलगी बसणार होती, असं तुम्हीच सांगितलंत. चावी दिली नाही. परत तशी गाडी आली तर परत नाही देणार, त्यासाठी अजून एक स्टार कापायचा असेल तर कापा, एकच उरलाय.

आणि बाईला कळत नाही म्हणालात त्याचं. माझ्या सासऱ्यांनी आयुष्य टॅक्सीलाईनच्या फियाटखाली काढलं, ते गेल्यापासून गॅरेज मी बघते. तुमच्या गाडीच्या ब्रेकच्या पाइपातली एअर काढली तेव्हा मिस्त्री खाली निपलवर पाना धरून आणि पेडलवर पाय माझा होता. दाब, धर, सोड. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून एकेक चाक, बुडबुडे थांबेपर्यंत. मग गायमुखच्या उतारावर ट्रायल घेतली. त्या वेळी तुम्ही नव्हतात, म्हणून सांगितलं.

घरी काम करू नका असं मी अजिबात म्हणत नाही. प्लग साफ करा, पॉइंट बघा, बॅटरीत पाणी घाला, एअर फिल्टर झटका, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटर बघा, वडिलांच्या गाडीला आपला हात लागला की बरं वाटतं ते कळतं मला. पण सोसायटीत गाडी जॅकवर आणि विटांवर उभी करून खाली झोपलो होतो असं मिस्त्रींना तुम्ही हसत सांगितलंत ना, ते मात्र बंद करा. जॅक फक्त उचलायला असतो, वीट भाराने कधी फुटेल सांगता येत नाही. लोखंडी स्टँडची जोडी घ्या, सपाट जमिनीवर लावा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे द्या. आणि ड्रमची धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं.

आमच्या बाजूने, फोनसाठी भाचा बसेल आता, आणि काम लांबलं तर आधी कळवायचं असं काहीतरी करतोय, व्हॉट्सॲपवर वगैरे.

नवीन लायनर थोडं चालून बसलं की ब्रेक ॲडजस्ट करावे लागतात, ते तुमचं बाकी आहे. त्याचे पैसे नाहीत. रिव्ह्यू राहू दे नाहीतर काढा, पण गाडी घेऊन या. शुक्रवार सोडून कधीही या, शुक्रवारी आमच्या गल्लीत लाईटचा भरवसा नसतो. आणि ती लाल तेलाची बाटली अजून डिकीतच आहे, जुन्या पार्टच्या पिशवीशेजारी. ती तेवढी काढा.