शिट्ट्यांमागची मेहनत

‘जुन्या ब्रिटिश बालमालिका स्वस्तात उरकलेल्या असायच्या’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. पैसा कमी होता हे खरं, पण उरकलेल्या? १९६९ची ‘क्लँगर्स’ ही बाहुल्यांची मालिका बघा. इंग्लंडमधल्या कँटरबरीजवळच्या जुन्या गोठ्यात तिचे एक निर्माते ऑलिव्हर पोस्टगेट बाहुल्या जरा जरा हलवत एकेक फ्रेम टिपायचे. त्या गुलाबी बाहुल्या जोन फर्मिन यांनी हाताने विणलेल्या. मालिकेतले हे क्लँगर्स नावाचे प्राणी फक्त शिट्ट्यांत बोलतात, पण प्रत्येक शिट्टीमागे इंग्रजीत लिहून काढलेला अख्खा संवाद असायचा!

आमच्या धाकटीला इंग्रजीचा गंधही नव्हता तेव्हा तिला यूट्यूबवर हे भाग लावून दिले होते. कोण रुसलंय, कोण कोणाला ओरडतंय, सगळं ती मला मराठीत समजावून सांगायची. आणि ‘क्लँगर्स’ बनवणाऱ्या पोस्टगेट आणि पीटर फर्मिन या जोडगोळीच्याच १९५९च्या ‘नॉगिन द नॉग’ या मालिकेचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचं फार वाईट वाटलं.