बंड्याचं कणीस आणि शेजाऱ्याची वैरण

"बियाणं बोगस निघालं," बाकड्यावर टेकायच्या आधीच बंड्यानं जाहीर केलं. पिशवीतून पुरावा बाहेर आला: स्वीट कॉर्नचं कणीस, बुडाला दाणे दाट, मधे टक्कल, शेंड्याला नुसतं बोडकं. कळंब्याकडं बंगला बांधल्यापासून त्याला बागेचं वेड लागलंय. कंपाउंडच्या भिंतीलगत त्यानं मक्याची एक लांबलचक ओळ लावली होती, अगदी दोरी धरून.

"दुकानदाराला धरतो उद्या," तो म्हणाला.

आप्पा कृषी खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी कणीस फिरवून बघितलं आणि विचारलं, "एकच ओळ होती?"

"एकच. शोभेला पण झाली ना."

"मग दुकानदारानं काय करावं, सांग. मक्याचा तुरा शेंड्याला, कणीस कमरेला. तुऱ्यातलं पीठ, म्हणजे पराग, वाऱ्यावर उडतंय आणि शेजारच्या झाडाच्या केसांवर पडतंय. तुझ्या ओळीवरनं वारा आडवा गेला, म्हणजे सगळं पीठ भिंतीपलीकडं. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर पीठ पडलं नाही, तो दाणा भरला नाही. सरळ हिशोब हाय."

एका कणसावर चारपाचशे दाणे धरले तर तितके केस आणि तितक्याच परागकणांची नेमकी भेट व्हायला हवी. शेतात मक्याची हजारो ताटं, म्हणजे झाडं, असतात म्हणून ते आपोआप जमतं, परसात जमवावं लागतं. म्हणून आप्पांचं म्हणणं, ओळ नको, चौकोन कर. चार बाय चार ताटं, दोन ओळींत दोन फूट आणि दोन ताटांत वीतभर अंतर. तेवढ्याच बिया, तेवढंच पाणी, पण वारा कुठूनही आला तरी पीठ आतच फिरतं.

"आणि ते पण जमेना तर सकाळी नऊ-दहाला तुरा कागदी पिशवीत झटकायचा आणि केसांवर पीठ भुरभुरायचं. आठवडाभर. उन्हाळ्यात मात्र लावू नकोस. पारा पस्तिशीच्या वर गेला की पीठच मरतंय."

बंड्याला पटत होतं, पण तोंडावर दिसू द्यायचं नव्हतं. त्यानं दुसरा मुद्दा काढला. "बरं, दाणे कमी भरले ते सोडा. जे भरलेत त्यातले निम्मे चिवट, पिठूळ लागतात. गोडी न्हाई. त्याला पण वाराच का?"

"हो," शुभांगी म्हणाली. ती कॉलेजात बॉटनी शिकवते आणि गच्चीवर ड्रमांत काय काय लावते. "भिंतीपलीकडं काय आहे?"

"म्हशीची वैरण. मकाच. आफ्रिकन टॉल म्हणतात ती."

"संपला विषय."

पण विषय संपला नाही, कारण बंड्या उसळला. "असं कसं? शेजारच्या रायवळाचा वारा लागला म्हणून माझा हापूस आंबट होतोय व्हय? पराग कुणाचा का असंना, फळ झाडाचंच असतंय की!"

प्रश्न बिनतोड होता आणि कट्ट्यावर दोन मिनिटं सगळे त्याच्याच बाजूनं झाले. मी पण.

शुभांगीनं शांतपणे सांगितलं, "आंब्यात तू गर खातोस. गर आईचा असतो, त्यात बापाचा काही संबंध नाही. बाप असतो तो कोयीत. मक्यात तू दाणा खातोस, म्हणजे बीच खातोस. त्या दाण्यातला पांढरा भाग आई आणि बाप दोघांचा मिळून होतो. आता, स्वीट कॉर्न गोड का? तर साखरेचा स्टार्च करायचं काम त्यात एका जनुकाच्या बिघाडामुळं अडतं. शेजारच्या वैरणीच्या परागातून तोच जनुक धडधाकट येतो आणि काम सुरू होतं. त्याच वर्षी, त्याच कणसात. पुढच्या पिढीची वाट बघायला नको."

म्हणून एकाच कणसात गोड दाण्याशेजारी पिठूळ दाणा बसतो. ते कणीस वाळवून ठेवलं तर फरक डोळ्यांनाही दिसतो: गोड दाणे सुरकुततात, वैरणीचा बाप असलेले गुबगुबीत राहतात. माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा मुद्दा हाच. परागीभवन शाळेत शिकलेल्या माणसालाही तो सुचत नाही.

"म्हणजे हे सगळं जीएम की," सुन्या इतका वेळ चहात बिस्किट बुडवत होता. "जनुकं बिनुकं. मी म्हणूनच खात न्हाई."

"काही जीएम नाही," शुभांगी म्हणाली. "प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं पीक म्हणजे जीएम. आपल्याकडं शेतकऱ्याला अधिकृतपणे लावता येतं असं जीएम पीक म्हणजे बीटी कापूस, २००२ पासून. स्वीट कॉर्नमधला बिघाड आपोआप झालेला आहे. आताच्या जास्त गोड वाणांचा बिघाड वेगळा. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी सुरकुतलेले दाणे सहज चघळून बघितले आणि ते भलतेच गोड लागले. तिथून ते वाण निघाले."

सुन्यानं माघार घेतली नाही, रस्ता बदलला. "ठीक आहे. पण गाड्यावर २०-३० रुपयांना उकडलेलं कणीस मिळतंय, तिखट-मीठ लावून. याचं पाणी, शेणखत, निंबोळी पेंड, वर युरिया धर. एका ताटाला एक चांगलं कणीस, दुसरं मिळालं तर नशीब. मका खादाड. त्यात जागा अडवतोय. त्याच वाफ्यात दोन वेळा मेथी निघंल."

बंड्यानं ठरलेलं उत्तर दिलं, "तोडून पंधरा मिनिटांत पातेल्यात गेलेलं कणीस खा आणि मग बोल."

इथं शुभांगीनं आपल्याच माणसाचे पाय ओढले. ही तोडल्या तोडल्या शिजवायची महती जुन्या वाणांची, म्हणाली. त्यांची साखर तोडल्यावरही स्टार्चकडं पळत राहते, ३० अंशांच्या हवेत एका दिवसात निम्म्याच्या वर जाते. आताच्या सुपरस्वीट वाणांत ती वाटच बंद असल्यामुळं कणीस फ्रिजमध्ये चार दिवस गोड राहतं. तेव्हा गाड्यावरचं आणि बंड्याचं यात गोडीचा फरक फारसा नाही. सुन्यानं टाळीला हात पुढं केला.

मला मात्र हा हिशोब अपुरा वाटतो. परसातल्या मक्याचा फायदा चवीपेक्षा वेळेत आहे. केस बाहेर पडल्यापासून साधारण वीस दिवसांनी, ते तपकिरी होऊन सुकले की वरची साल जरा बाजूला करायची आणि दाण्यात नख खुपसायचं. दुधासारखा रस आला तर आजच तोडायचं. पाणी आलं तर दोन दिवस थांबायचं, पीठ आलं तर गेलं. बाजारातलं कणीस कुणाच्या तरी गाडीच्या वेळेला तोडलेलं असतं.

मधेच आप्पांनी पैज लावली. गाड्यावरचं कुठलंही कणीस आणा, दाण्यांच्या उभ्या ओळी सम असणार. सुन्या इरेला पेटला, कणीस आणलं, दोनदा मोजलं, सोळा. मक्यात फुलं जोडीजोडीनं येतात म्हणून ओळीही जोडीनंच. चहा सुन्यावर. बंड्याचं टक्कल पडलेलं कणीस मात्र आप्पांनी पैजेत घेतलं नाही. हुशार माणूस.

अमेरिकन लष्करी अळीवर थोडकं बोलणं झालं, कारण त्यात वाद नव्हता. २०१८ ला शिमोग्याकडं पहिल्यांदा दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडं पोचली. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, ओला भुसा पडल्यासारखी विष्ठा दिसली की समजायचं. परसात औषध कशाला, रोज सकाळी अळी वेचायची, अंड्यांचे पुंजके चिरडायचे, पोंग्यात चिमूटभर राख किंवा कोरडी माती टाकायची, निंबोळी अर्क मारायचा. दहा-वीस ताटांना एवढं पुरतं.

गच्चीवर काय, हा प्रश्न शुभांगीनं स्वतःच सोडवला होता. ती बेबी कॉर्न घेते. केस दिसायला लागले की एक-दोन दिवसांत कोवळं कणीस तोडायचं. परागाची गरजच नाही, त्यामुळं चौकोन नको, शेजाऱ्याची वैरण असली तरी चालते. सुन्या म्हणाला, ते चायनीजच्या गाड्यावरचं, त्याला काय चव. त्यावर ती काही बोलली नाही.

भाजायला कुठला मका, यावर थोडं भांडण झालं. आप्पा गावठी पांढऱ्यावर ठाम: निखाऱ्यावर स्वीट कॉर्न आक्रसतं, दाणा पाणचट राहतो. बंड्याला ते मान्य नाही.

शेवटी बंड्यानं विचारलं, "मग पुढची पेरणी कधी करू?"

"वैरण किती दूर?"

"भिंतीला लागूनच."

"मग चौकोन करूनही भागणार नाही. तारखा फोडायच्या. त्याच्या तुऱ्यात आणि तुझ्या केसांत तीन आठवड्यांचं अंतर पाहिजे. तो वैरण कधी पेरतोय आणि ती तुऱ्यात कधी येते ते विचार, मग त्या हिशोबानं तू पेर."

बंड्या गप्प. भिंत बांधताना हद्दीवरनं वाजलं, तेव्हापासून त्या घराशी बोलणं बंद आहे, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक.

"मी विचारतो," सुन्या म्हणाला. "पण पहिली चार कणसं माझी."

"तू तर खात न्हाईस म्हणालास!"

"जीएम न्हाई म्हणाली की ती."