ह्यूस्टनकर, ‘काहीही’ हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही

ह्यूस्टनकर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टेक्सासात घर घेताना टायटल इन्शुरन्स (मालकी हक्कातल्या दोषांपासूनचा विमा) मिळतोच, तो असला की जमीन वरपासून खालपर्यंत आपली; घराखालचं तेल-वायू दुसऱ्याच कुणाचं असू शकतं असं लेखात लिहून मी नवख्यांना उगाच घाबरवतो; आणि ‘पॉलिसी खनिजांबाबत काहीही देत नाही’ हे माझं वाक्य साफ चूक आहे.

शेवटचं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. टी-19.2 नावाची पुरवणी राहत्या घराच्या पॉलिसीला जोडता येते. उद्या कोणी खनिजं काढायला तुमच्या जमिनीचा पृष्ठभाग वापरला आणि घराचं नुकसान झालं, तर तिचं संरक्षण आहे. घराचं आणि इतर बांधकामाचं हं. हिरवळ, झुडपं, झाडं त्यातून वगळलेली आहेत, तेव्हा परसातला कढीपत्ता गेला तर गेला. (तुमच्याकडे तो जमिनीत तगतो म्हणतात, आमचा थंडी पडली की कुंडीसकट घरात.) लेखात दुरुस्ती केली आहे.

पण नुकसानीचं संरक्षण वेगळं आणि मालकी वेगळी. खालची खनिजं तुमची आहेत असं ती पुरवणी कुठेच म्हणत नाही. टायटल कंपनी तो शोध घ्यायला बसतच नाही. कौंटी क्लर्ककडचे जुने दस्त चाळून खनिजांचा मालक शोधणं हे लँडमनचं काम. टायटल कंपनी पॉलिसीच्या शेड्यूल बीमध्ये, म्हणजे काय वगळलंय त्या यादीत, खनिजं वगळल्याचा एक परिच्छेद टाकते आणि मोकळी होते.

आमचंच सांगतो. फोर्ट वर्थजवळ घर घेताना क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होण्याच्या) आठवडाभर आधी टायटल कमिटमेंट, म्हणजे पॉलिसीचा आधी येणारा मसुदा, आली. बायको पडद्यांची मापं काढत होती, मी शेड्यूल बी वाचत होतो. त्यात एका जुन्या डीडचा (खरेदीखताचा) फक्त खंड आणि पान क्रमांक. एजंट म्हणाला, ‘ते सगळ्यांनाच असतं.’ तरी प्रत मागवली. टाइपरायटरवरचं, 1950च्या दशकातलं डीड, अर्धी अक्षरं पुसट. शेत विकणाऱ्याने ‘सर्व तेल, वायू आणि इतर खनिजं’ स्वतःकडे आणि वारसांकडे राखून ठेवलेली. पुढे त्या शेताचे प्लॉट पडले, घरं उठली, विकली गेली. दर वेळी हात बदलले ते फक्त वरच्या जमिनीने. विकणाऱ्याकडे जे नाहीच ते तो देणार कुठून? आता त्या वारसांची नातवंडं-पतवंडं किती आणि कोणाचा हिस्सा केवढा, देव जाणे. त्यापेक्षा आमच्या गावचा सातबारा परवडला.

‘माझ्या परसात कोण डेरिक (तेलविहिरीचा मनोरा) उभारणार?’ हे तुमचं म्हणणं बरंचसं मान्य. बार्नेट शेलमध्ये, म्हणजे आमच्या भागाखालच्या वायूच्या खडकात, विहीर लांबच्या पॅडवरून (खोदण्याच्या जागेवरून) उतरते, साधारण 7,000 फुटांवर आडवी वळते आणि घरांखालून जाते. फोर्ट वर्थच्या नियमात विहिरीला घरापासून 600 फुटांचं अंतर आहे. वर तुम्हाला पत्ताही लागत नाही, रॉयल्टीचा चेक मात्र खनिजं ज्याची त्यालाच. ‘नाहीतर शहर अडवेल’ यावर मात्र विसंबू नका. टेक्सासातल्याच डेंटन शहराच्या लोकांनी नोव्हेंबर 2014 मध्ये मतदानाने फ्रॅकिंगवर (दाबाने पाणी सोडून खडक फोडण्यावर) बंदी आणली; मे 2015 मध्ये राज्याने एचबी 40 कायदा केला आणि अशा बंदीचा शहरांचा अधिकारच गेला.

आपली गफलत होते ती सवयीने, असं मला वाटतं. महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता 1966चं कलम 48 खनिजं सरकारची ठरवतं, म्हणून घर घेताना आपल्याला हा प्रश्नच सुचत नाही. इथे ती कुणा खासगी माणसाची असू शकतात, आणि टेक्सासच्या कायद्यात त्याचा हक्क वरच्या मालकापेक्षा वरचढ. खनिजं काढायला लागेल तेवढा पृष्ठभाग तो वाजवी रीतीने वापरू शकतो. त्याने तो हक्क लेखी सोडला असेल तर गोष्ट वेगळी. काही सबडिव्हिजनांत (प्लॉट पाडून उभ्या केलेल्या वसाहतींत) तसं झालेलं असतं.

तुमची पॉलिसी एकदा कपाटातून काढा. शेड्यूल बीमध्ये काय वगळलंय आणि टी-19.2 जोडलेली आहे का, एवढंच बघा. एखाद्या डीडचा खंड-पान सापडला तर इथेच कळवा, कौंटीच्या साइटवरून प्रत कशी काढायची ते सांगतो.