पेन्शनमुळे युरोपातली मुलं आईबापांना विसरली, हे खरं नाही

गेली काही वर्षं एक मजकूर मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. शब्द बदलतात, सांगणं तेच. युरोपात सरकारने म्हाताऱ्यांना पेन्शन दिली, म्हणून मुलांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं. म्हातारे तरुणांची कमाई खातात. म्हातारपणाची चिंता मिटल्यामुळे लोकांनी मुलं होऊ देणंच बंद केलं. आता ती सगळी व्यवस्था बुडायला टेकली आहे. आणि शेवटची ओळ: आपलं कुटुंब हीच आपली पेन्शन, सरकारी पेन्शन हवी कशाला?

ही शेवटची ओळ नसती तर मी लिहायला बसले नसते. आपल्याकडे 60 ते 79 वयाच्या गरीब म्हाताऱ्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये आहे. महाराष्ट्रात राज्याची भर धरून श्रावणबाळ योजनेतून 1,500 मिळतात. एवढीशी रक्कमही युरोपचं भूत दाखवून नको म्हणायची असेल, तर आधी युरोपात खरोखर काय झालं ते बघायला हवं.

‘मुलांनी सोडून दिलं’

‘शेअर’ नावाची एक मोठी पाहणी 2004 पासून युरोपात चालू आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना विचारतात: मुलं किती लांब राहतात, किती वेळा भेटतात, पैसे कोण कोणाला देतं, आजारपणात कोण धावून येतं. काही काळाने त्याच माणसांकडे पुन्हा जातात. पहिल्या फेरीत दहा देशांतल्या 58 टक्के आज्यांनी आणि 49 टक्के आजोबांनी वर्षभरात कधी ना कधी नातवंडं सांभाळली होती. पाळणाघरांची रेलचेल असलेल्या स्वीडन-डेन्मार्कमध्ये असे आजी-आजोबा इटली-ग्रीसपेक्षा प्रमाणाने जास्त निघाले. इटली-ग्रीसमध्ये सांभाळणारे कमी, पण जे सांभाळतात त्यांना जवळजवळ रोज सांभाळावं लागतं.

म्हाताऱ्यांच्या बाबतीतही असंच चित्र दिसतं. उत्तरेकडे जास्त मुलं आईबापांना काही ना काही मदत करतात: कागदपत्रं, खरेदी, बागेतली कामं, डॉक्टरकडे नेणं. आंघोळ घालणं, कूस बदलणं, रात्री उठणं हे बरंचसं पालिकेच्या प्रशिक्षित माणसांकडे असतं. दक्षिणेकडे हेच सगळं एका लेकीवर किंवा सुनेवर येऊन पडतं. सरकारी सेवा आली की माया आटते का, यावर संशोधकांनी वर्षानुवर्षं वाद घातला, आणि बहुतेक पुरावा असा निघाला की सरकार आणि घर कामं वाटून घेतात. जड, रोजची, अंग मोडणारी शुश्रूषा एकाकडे जाते आणि भेटीगाठी, सोबत, मदत दुसऱ्याकडे राहते. इटलीत सरकारी सेवा तोकडी आहे. तिथल्या कुटुंबांनी काय केलं? युक्रेन, रोमानिया, मोल्दोव्हामधून आलेल्या बायका म्हाताऱ्यांचं करायला घरात कामाला ठेवल्या. त्यांना ‘बादांते’ म्हणतात. त्या बायकांचे स्वतःचे आईबाप मागे गावी असतात, हेही या हिशेबात धरायला हवं.

जर्मनीत 1995 पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. 2023 च्या अखेरीस तिथे 57 लाख माणसांना शुश्रूषेची गरज असल्याची नोंद होती. त्यातली 86 टक्के माणसं आपापल्या घरी होती, आणि निम्म्याहून जास्त जणांचं मुख्यतः घरचेच करत होते. सरकार त्यासाठी भत्ता देतं. करणाऱ्या माणसाच्या नावाने, ठरावीक तासांच्या वर काम असेल तर, पेन्शनची वर्गणीही भरली जाते. म्हणजे सासूचं करण्यात सुनेची जी वर्षं गेली, त्यांचं मोल तिच्या स्वतःच्या म्हातारपणी तिला मिळतं. आपल्याकडे सेवेचे गोडवे खूप गायले जातात, पण तिची अशी नोंद कोण ठेवतं?

मुलांची कायदेशीर जबाबदारी संपली, हेही सगळीकडे खरं नाही. फ्रान्सच्या नागरी संहितेत गरजू आईवडिलांचा खर्च मुलांवर आजही आहे. जर्मनीत 2020 पासून ही जबाबदारी वर्षाला एक लाख युरोपेक्षा जास्त कमावणाऱ्या मुलांपुरती ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र मला मान्य करायलाच हवी. ऑगस्ट 2003 च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसं दगावली, बहुतेक वृद्ध. पॅरिसमध्ये मृतदेह न्यायला कोणी आलं नाही अशी 57 माणसं होती, आणि त्यांच्या दफनाला राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः उभे राहिले. एकटेपणा खरा आहे, तो झाकून काही साधत नाही. पण त्या देशाने पुढच्याच वर्षी कायदा केला: प्रत्येक नोकरदाराने वर्षातला एक दिवस जादा पगाराविना काम करायचं, आणि त्याबदल्यात मालकाने द्यायचा पैसा वृद्धांच्या आणि अपंगांच्या शुश्रूषेसाठी जायचा. व्हॉट्सॲपवर हे पुढचं पान येत नाही.

‘म्हातारे तरुणांची कमाई खातात’

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं आहे. सरकारी हिशेब पाहिला तर पैसा खालच्या पिढीकडून वरच्या पिढीकडे जाताना दिसतो. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या निवृत्तांना पेन्शन मिळते, ही व्यवस्थाच तशी आहे. पण घरातला पैसा उलट्या दिशेने वाहतो. आईवडील मुलांच्या शिक्षणाला, भाड्याला, घराच्या पहिल्या हप्त्याला पैसे देतात. जेवण, अभ्यास, उठबस यांत जाणारा वेळ तर कुठल्याच सरकारी खात्यात लिहिला जात नाही. युरोपीय संघातल्या दहा देशांचा असा एकत्र हिशेब 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरकारी पैसा, घरचा पैसा आणि घरातल्या बिनपगारी कामाची किंमत असं तिन्ही धरलं, तेव्हा मुलांच्या वाट्याला दरडोई वृद्धांच्या दुपटीहून जास्त आलं. वृद्धांना जे मिळतं ते सरकारी कागदावर दिसतं, मुलांना मिळतं ते घराच्या चार भिंतींत राहतं. एवढ्या फरकावर अख्खा गैरसमज उभा आहे.

स्पेनमध्ये 2008 नंतरच्या मंदीत बेकारी 25 टक्क्यांच्या वर गेली, तरुणांमध्ये पन्नासच्याही वर. तेव्हा कितीतरी घरांत मुलं-नातवंडं आजीच्या पेन्शनवर जेवली. जिच्या हातात दरमहा ठरलेला पैसा येतो, ती तो एकटी खात नाही. हे कळायला युरोपात जावं लागत नाही.

यात एक दुखरी बाजू आहे. श्रीमंत आईबाप मुलांना भरपूर देतात, गरिबांकडे द्यायला काही नसतं. घरातून वाहणारा पैसा विषमताही पुढच्या पिढीत नेतो. ही तक्रार रास्त आहे, फक्त ती पेन्शनविरुद्धची तक्रार नव्हे.

‘पेन्शन आली, मुलं थांबली’

मग जिथे कुटुंबावर जास्त भिस्त आहे तिथे जास्त मुलं दिसायला हवी होती. पण 2023 मध्ये कुटुंबावर जास्त भिस्त असलेल्या स्पेनचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.12 होता आणि फ्रान्सचा 1.66. पेन्शन दोन्हीकडे आहे, पण मूल झाल्यावर आईला नोकरी टिकवता येईल अशी सोय फ्रान्समध्ये जास्त आहे. फिनलंडमध्ये सगळ्या सोयी असूनही जननदर घसरला, तेव्हा सोयींनी सगळं सुटतं असंही मी म्हणणार नाही. पण पेन्शनने जननदर पाडला, हे या आकड्यांतून निघत नाही.

‘सगळं बुडणार’

जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याने 1889 मध्ये वृद्धापकाळाचा विमा आणला तेव्हा पेन्शनचं वय 70 ठेवलं होतं, 1916 मध्ये ते 65 झालं. ही व्यवस्था पहिल्यापासूनच बदलत आली आहे. जर्मनीत आता वय टप्प्याटप्प्याने 67 होत आहे. डेन्मार्कने ते आयुर्मानाशी बांधलं, आणि 2040 पासून ते 70 असेल. स्वीडनने नव्वदच्या दशकात पेन्शनची रचनाच बदलली: वर्गणीचा हिशेब प्रत्येकाच्या नावाने राहतो, आणि जमा आणि देणं यांचा तोल गेला तर पेन्शनची वाढ आपोआप आखडते. 2010 मध्ये ही तरतूद खरोखर लागू झाली आणि निवृत्तांच्या हातात कमी पैसे पडले.

युरोपीय आयोगाच्या 2024 च्या अंदाजानुसार पेन्शनवरचा सरकारी खर्च 2022 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 11.4 टक्के होता, 2070 मध्ये तो 11.8 होईल. काम करण्याच्या वयाच्या शंभर माणसांमागे 65 वरचे 36 होते ते 59 होणार असूनही एवढाच फरक. हे जादूने होत नाही. लोक जास्त वर्षं काम करतील, आणि पगाराच्या तुलनेत पेन्शन आजच्याइतकी राहणार नाही. आजच्या तिशीतल्या माणसावर हा भार येणार आहे आणि त्याचा राग मला समजतो. पण जास्त राबून कमी मिळणं आणि सगळं बुडणं यांत फार अंतर आहे.

जर्मन कंपनीत नोकरी करणारे मराठी इंजिनिअर आज कितीतरी आहेत. तिथली पेन्शन-वर्गणी पगाराच्या 18.6 टक्के, निम्मी मालकाची, निम्मी यांची. अनोळखी जर्मन आजी-आजोबांसाठी दरमहा 9.3 टक्के कापून जातात, आणि पाच वर्षं भरली की स्वतःच्या पेन्शनचा हक्क तयार होतो. यातली किती मुलं त्याच पगारातून नाशिकला, साताऱ्याला आईबाबांना पैसे पाठवतात, रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांची शुगर विचारतात, हे तो मजकूर पुढे ढकलणाऱ्या मावशी-काकांना स्वतःच्याच घरात विचारता येईल.