हौस ओसरली, गाडी उरली

बापूच्या १९७५ सालच्या प्रीमियर पद्मिनी मोटारीला ५० वर्षे पूर्ण झाली आणि नेमके त्याच सुमारास बापूचे तिच्यावरचे मन उडाले. यावरून कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठच्या आमच्या कट्ट्यावर गेले काही दिवस जो वाद चालला आहे, तो सविस्तर लिहून काढावा असे वाटले, कारण पन्नाशीच्या आसपासच्या अनेकांच्या दारात किंवा भाड्याच्या शेडमध्ये अशी एखादी महागडी हौस झाकून ठेवलेली असते आणि तिच्याविषयी घरात कोणी बोलत नाही.

निमित्त झाले ते नोंदणीचे. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात फारसा बदल न केलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. अण्णांनी या नियमाची सगळी माहिती हौसेने गोळा करून आणली होती. बापूने ती शांतपणे ऐकून घेतली आणि सांगितले की हे त्याला करायचे नाही. गाडी कोणाला तरी देऊन टाकावी असे त्याच्या मनात आहे.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचा पहिला आक्षेप हिशेबाचाच होता. या गाडीवर बापूने आजवर जेवढे पैसे घातले त्यांच्या निम्मेही विकून हाती येणार नाहीत, तेव्हा एवढा खर्च करून झाल्यावर ती सोडणे म्हणजे तो खर्च पाण्यात घालणे होय, असे त्यांचे म्हणणे. मला हा विचार मुळातच पटत नाही. तो पैसा गेलेलाच आहे. गाडी शेडमध्ये ठेवली तरी तो परत येणार नाही आणि विकली तरी येणार नाही. शिवाय तो वाया गेला असेही नाही, कारण त्या पैशाच्या बदल्यात बापूला जे मिळायचे होते ते त्याला त्या त्या वेळी पुरेपूर मिळालेले आहे. ठेवण्याचा प्रश्न पुढच्या खर्चाचा आहे, मागच्या खर्चाचा नाही.

त्याला काय मिळाले हे सांगायचे तर कोल्हापूरच्या पावसापासून सुरुवात करावी लागेल. त्याने गाडी घेतली तेव्हा पायाखालचा पत्रा गंजून चाळणी झालेला होता. तो कापून नवा बसवायचा, दारांच्या खालच्या कडा पुन्हा घडवायच्या, १०८९ सीसीचे इंजिन उतरवून बोअर करायचे, पिस्टन-रिंगा बदलायच्या, बंपर पुन्हा क्रोम करून आणायचे, स्टिअरिंगलाच असलेल्या गिअरच्या दांड्याचे सांधे झिजले म्हणून तिसरा गिअर अडकतो तो सोडवायचा, अशी कामे वर्षानुवर्षे चालली. जो भाग कुठेच मिळत नसे तो उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर उतरवून मिळे. नमुना हातात घेऊन धातूचा अंदाज बांधणारे आणि अर्ध्या दिवसात तसाच भाग करून देणारे कारागीर या गावात आहेत, आणि मला तर कोल्हापूरचे खरे वैभव तेच वाटते. बापू सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसे, मिस्त्रींच्या शेजारी उभा राहून शिके. पुढे तो स्वतः कार्ब्युरेटर उघडून साफ करू लागला आणि इंजिनाची ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट डोळ्यांनी ओळखू लागला.

ही हौस एवढी वर्षे परवडली त्याचे एक कारण मुंबईत होते. इटलीत फियाट ११०० चे उत्पादन १९६९ मध्येच थांबले होते. कुर्ल्याच्या कारखान्यात मात्र तीच गाडी पद्मिनी या नावाने जवळजवळ शतक संपेपर्यंत तयार होत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच होत्या. त्या हजारोंच्या संख्येने धावत असेपर्यंत त्यांच्यासाठी सुटे भाग बनवणारे लहान कारखानदार टिकून होते, आणि टॅक्सी भंगारात निघू लागल्या तेव्हा भंगारवाल्यांकडे चांगले जुने भागही येत राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस, टॅक्सीची २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यावर, मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. पण हा झरा त्याआधीच आटत आला होता. आता रबराची बीडिंग किंवा ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचे किट हवे असेल तर साठा करून ठेवणारा माणूस सांगेल ती किंमत मोजावी लागते आणि ती वस्तू कुरिअरने घरी येते. त्यात ना शोध राहिला, ना गप्पा.

सरांनी सगळ्याचा उलगडा वयाने केला. गाडीखाली पाठीवर झोपून काम करणे तिशीत जमते. पन्नाशीत कंबर धरते, जवळचे दिसत नाही आणि चष्मा लावून वर पाहिले की मान दुखते, तेव्हा हात थकले की मनही माघार घेते, असे त्यांचे मत. डॉक्टरांना ते अपुरे वाटले. त्यांनी बापूला सरळ विचारले, “फक्त गाडीतच मन लागत नाही, की कशातच लागत नाही? झोप कशी आहे? जेवणाची चव लागते का?” हा प्रश्न कट्ट्यावर विचारला गेला याचे मला फार समाधान वाटले. या वयात आवडत्या गोष्टींतला रस एकाएकी जाणे हे कधी कधी नैराश्याचे लक्षण असते, आणि अशा वेळी गाडी विकायची की नाही हा मुद्दाच नसतो. आधी माणसाकडे पाहावे लागते. बापूने मनापासून उत्तर दिले. झोप चांगली आहे, रोज संध्याकाळी तो पेटी वाजवतो, नवे राग शिकतो आहे आणि त्यासाठी पहाटे उठायचाही कंटाळा येत नाही. डॉक्टरांचे समाधान झाले. उरला तो गाडीचाच प्रश्न.

मग बापू स्वतः बोलला. “मिस्त्रींनी हात थांबवले. त्यांची मुले स्कॅनर लावून नव्या गाड्या करतात, त्यांना पद्मिनीत गम्य नाही. आणि खरे सांगायचे तर गाडीत करण्यासारखे आता काही उरलेलेच नाही. बॅटरी उतरली की चार्ज करायची, कव्हर काढायचे, चालू करायची, पुन्हा कव्हर घालायचे. मला गाडी घडवण्याची हौस होती, राखण करण्याची नव्हती.”

आबांना हे रुचले नाही. ते वयाने आमच्यात मोठे, ऊस पिकवणारे. त्यांनी दसऱ्याची आठवण दिली. शाही दसऱ्याला छत्रपतींचे घराणे आजही जुन्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येते आणि ती मोटार पाहायला सारे गाव लोटते. एवढी जुनी गाडी जपता येते तर पद्मिनी का नाही, असा त्यांचा सवाल होता. “आबा, तुम्ही म्हणता ते खरे आहे,” मी म्हणालो, “पण त्या गाडीला वर्षातला एक मानाचा दिवस आहे, तिच्यामागे घराणे आहे आणि तिची वाट पाहणारे गाव आहे. बापूच्या गाडीची वाट कोण पाहतो?” आबा यावर काही वेळ बोलले नाहीत, आणि माझे बोलणे त्यांना लागले असावे असे मला वाटते, पण मुद्दा टाळण्यासारखा नव्हता.

पेट्रोलचा विषयही त्यांच्यामुळेच निघाला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि गाडी बराच काळ उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी वेगळे होऊन पत्रा आतून गंजतो. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील पडदेही त्याने खराब होतात. आबांच्या उसाला त्याच इथेनॉलमुळे दर मिळतो आणि तो मिळायलाच हवा, याबद्दल कट्ट्यावर दुमत नाही. नळ्या बदलता येतात. पण उभ्या गाडीवर इलाज नाही. ती चालवलीच पाहिजे.

व्हिंटेज नोंदणीला माझा विरोध इथेच आहे. त्या नोंदणीनंतर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा इंधन भरायला नेता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. मुंबई-पुण्यात रॅली होतात, तिथल्या हौशी माणसाला हे सोयीचे असेल. बापूची गाडी मात्र वर्षातून एकदा रस्त्यावर येईल आणि बाकी दिवस गंजत राहील. नेहमीच्या नोंदणीचे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते, तो त्रास आहे हे मान्य, पण त्या नोंदणीवर गाडी मंडईत जाऊ शकते, जोतिबाला जाऊ शकते. सन्मानाच्या पाटीपेक्षा मला चालणारी गाडी अधिक मोलाची वाटते.

उद्यमनगरात लेथवर काम करणारा एक तरुण ही गाडी मागतो आहे. मिस्त्रींकडे तो काही काळ शिकला, हात चांगला आहे, पैसे कमी आहेत. बापूला ती त्याला जवळजवळ फुकट द्यायची आहे. अण्णा म्हणतात, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, म्हणून योग्य रक्कम हप्त्याने घ्यावी, आणि या बाबतीत मी पूर्णपणे अण्णांच्या बाजूचा आहे. त्या मुलालाही उपकाराखाली राहावे लागू नये. आबांची अट अशी की गाडी कोल्हापूरबाहेर विकायची नाही. ही अट कागदावर घालता येत नाही, असे सरांनी समजावले, तरी आबांनी ती मागे घेतलेली नाही.

आता वाद उरला आहे तो वेळेचा. अण्णांना दिवाळीनंतर व्यवहार करावा असे वाटते. मी आग्रह धरला आहे की मृगाच्या आत गाडी त्या मुलाच्या दारात गेली पाहिजे, कारण आणखी एक पावसाळा ती शेडमध्ये उभी राहिली तर पायाखालच्या पत्र्याचे काम त्याला पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल. बापूने होकार दिला आहे, आणि आरटीओत मालकी बदलण्याचे २९ व ३० क्रमांकांचे फॉर्म भरून देण्याचे काम, वेळेबाबत मत कायम ठेवूनही, अण्णांनी आपल्याकडे घेतले आहे.